घोटी, बांगाल आणि आपण बर्गी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा आम्ही एखादा संत, एखादा सेनापती, निदान एखादा नाटककार तरी विषय म्हणून निवडू, अशी कार्यकारिणीची अपेक्षा असावी. आम्ही फुटबॉल कळवला. चिटणिसांनी दूरध्वनीवरून दोनदा खात्री करून घेतली. आमच्यासारखा, ज्याने आयुष्यात चेंडूपेक्षा फाइलच अधिक ढकलली, असा मनुष्य या विषयावर काय बोलणार, ही त्यांची शंका रास्तच होती. परंतु आम्हांस खेळाविषयी बोलावयाचे नाही. खेळाच्या निमित्ताने माणसे एकमेकांस जी नावे ठेवतात, ती नावे कोठून येतात आणि पुढे त्यांचे काय होते, याविषयी बोलावयाचे आहे. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींचा या विषयाशी संबंध आहे, तो शेवटी ध्यानात यावा.

१९९५ साली आमची बदली कलकत्त्यास झाली. त्या शहराचे कोलकाता असे अधिकृत नामकरण २००१ साली झाले, तेव्हा आम्ही पूर्वीचेच नाव वापरले तर राग मानू नये. रुजू होऊन आठवडा झाला असेल. एका सोमवारी सकाळी आमच्या खोलीबाहेर दोन लिपिकांचा वाद रंगला होता. बंगाली आम्हांस अजून उमगत नव्हती; पण त्या बोलण्यात एक शब्द पुनःपुन्हा कानी पडत होता, आणि त्यानंतर दर वेळी हशा होत होता. तो शब्द आम्हांस ऐकू आला 'घाटी'. मुंबईत ज्यांनी काही वर्षे काढली आहेत त्यांस हा शब्द सांगावयास नको. घाटावरून पोटासाठी खाली उतरलेल्या मराठी माणसास उद्देशून तो कोणत्या सुरात उच्चारला जातो, हे आम्ही बालपणी चाळीत ऐकले होते. हजार मैलांवर येऊनही हा शब्द आमच्या आधी पोहोचला, या विचाराने आमचा चेहरा तापला. आम्ही कार्यालयाच्या बडोबाबूंस, म्हणजे प्रमुख लिपिकांस, आत बोलावले आणि करड्या आवाजात खुलासा मागितला.

बडोबाबू वयाने आमच्या वडिलांच्या जवळपासचे. प्रथम त्यांस काहीच कळेना. मग कळले, आणि ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "सर," ते म्हणाले, "ते 'घाटी' म्हणत नाहीत, 'घोटी' म्हणतात. काल मोहन बागान हरले ना! घोटी म्हणजे मोहन बागानवाले. आणि मी बांगाल, म्हणजे ईस्ट बेंगॉलवाला. घोटी होण्यासाठी तसा जन्म घ्यावा लागतो. आपण घोटी नाही, बांगालही नाही. आपण तर…" एवढे बोलून ते एकदम थांबले आणि फाइल उचलून निघून गेले. ते वाक्य त्यांनी का पुरे केले नाही, हे आम्हांस कित्येक महिन्यांनी समजले. त्याकडे आम्ही यथावकाश येऊ.

घोटी या शब्दाचा सरळ अर्थ लहान लोटा, पाण्याचे भांडे. आपल्याकडील घट, घटी या शब्दांचेच ते भावंड. पश्चिम बंगालचा, गंगेच्या अलीकडचा जो मूळ रहिवासी, तो घोटी. पूर्वेकडील ढाका, बरिसाल, फरिदपूर, मैमनसिंग या भागांतून आलेला, तो बांगाल. बांगाल हा शब्द मूळचा प्रदेशवाचक. परंतु कलकत्त्याच्या नागर मंडळींच्या तोंडी त्यास अडाणी, गावंढळ असा वास लागला. पूर्वेकडील बोलीत 'श'चा 'ह' होतो, 'च'चा 'स' होतो. शहरी कानास ते विनोदी वाटे. दीनबंधू मित्रांच्या 'सधवार एकादशी' या १८६६ सालच्या प्रहसनातही असा एक बांगाल हास्यपात्र म्हणून आला आहे. ही नावे फुटबॉलपेक्षा पुष्कळ जुनी आहेत. फुटबॉलने त्यांस वर्षातून काही वेळा भेटण्यासाठी एक मैदान दिले, इतकेच.

मोहन बागान हा संघ १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कलकत्त्यात स्थापन झाला. २९ जुलै १९११ रोजी त्याने आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघास दोन विरुद्ध एक असे हरविले. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. तो दिवस केवळ बंगालचा नव्हता, साऱ्या देशाचा होता. आजही २९ जुलै हा 'मोहन बागान दिन' म्हणून पाळला जातो.

ईस्ट बेंगॉलचा जन्म एका अपमानातून झाला. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार चषकाच्या सामन्यात जोडाबागान या संघाने मोहन बागानविरुद्ध खेळताना शैलेश बोस नावाच्या आपल्या खेळाडूस वगळले. संघाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी हे पूर्वेकडील टांगाइल भागातील जमीनदार. शैलेशबाबूंस खेळवा, असा त्यांनी आग्रह धरला. तो मानला गेला नाही. तेव्हा त्यांनी राजीनामा दिला, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी काही सहकाऱ्यांसह नवा संघ उभा केला. आपण पूर्वेकडचे म्हणून आपणांस डावलले जाते, ही सल त्यामागे होती. म्हणून नावही दिले ते प्रदेशाचेच, ईस्ट बेंगॉल. लीगमधील या दोन संघांचा पहिला सामना २८ मे १९२५ रोजी झाला, आणि तो ईस्ट बेंगॉलने एका गोलने जिंकला.

पुढे १९४७ साल आले. ज्या प्रदेशाचे नाव या संघाने घेतले होते, तो प्रदेश नकाशावरून नाहीसा झाला आणि दुसऱ्या देशात गेला. लक्षावधी माणसे सियालदह स्थानकाच्या फलाटावर येऊन पडली. जादवपूर, बिजयगड अशा भागांत ओसाड जागांवर, लष्कराने सोडलेल्या छावण्यांत वसाहती उभ्या राहिल्या. पूर्व बंगाल हे नाव आता घराच्या दारावर नाही, टपालाच्या पत्त्यात नाही. ते उरले फक्त लाल आणि सोनेरी रंगाच्या सदऱ्यावर. निर्वासिताने आपल्या गावाचे नाव मोठ्याने, हजारोंच्या सोबतीने आणि लाज न बाळगता उच्चारावे, अशी कलकत्त्यात तेव्हा एकच जागा होती: मैदानाची गॅलरी.

आमचे बडोबाबू १९५० साली दहा वर्षांचे असताना बरिसालहून आले. शाळेत पहिल्या दिवशी हजेरीला त्यांनी उत्तर दिले आणि सारा वर्ग हसला. मुले त्यांच्या उच्चारांची नक्कल करीत आणि 'बांगाल, बांगाल' म्हणून मागे लागत. महिनाभर हा मुलगा वर्गात कोणाशी बोलला नाही. मग एके दिवशी काकांनी त्यास मैदानावर नेले. "सर," त्यांनी आम्हांस सांगितले, "तेथे माझ्या भोवती हजारो माणसे माझ्यासारखीच बोलत होती. कोणी हसत नव्हते. घरी परतताना पलीकडचे कोणी तरी 'बांगाल' म्हणून ओरडले, तेव्हा आमच्यातल्यांनी तोच शब्द दुप्पट आवाजात परत केला. मीही ओरडलो. तो शब्द त्या दिवशी माझा झाला."

मौज अशी की, या नावांच्या भिंती दिसतात तितक्या पक्क्या नाहीत. १९११ साली मोहन बागानला अमर करणाऱ्या अकरा जणांतील अनेकांची मुळे पूर्व बंगालात होती. कर्णधार शिवदास भादुरी यांचे घराणेही तिकडचेच. ज्यांचे सारे आयुष्य मोहन बागानच्या सदऱ्यात गेले, ते चुनी गोस्वामी जन्माने किशोरगंजचे, म्हणजे पुरते पूर्व बंगालचे. उलट बाजूस, फाळणीनंतरच्या अंधाऱ्या वर्षांत ईस्ट बेंगॉलच्या निर्वासितांनी ज्या पाच आघाडीवीरांस 'पंचपांडव' म्हणून डोक्यावर घेतले, ते अहमद, सालेह, अप्पाराव, धनराज आणि व्यंकटेश. पाचांपैकी एकही बंगाली नाही; सारे दक्षिणेचे. घर गमावलेल्या माणसांची अब्रू पाच परप्रांतीयांनी राखली, आणि त्या माणसांनी त्यांस आपलेच मानले. हे आपण परप्रांतीयांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता या नावांचा संसारातील कारभार सांगतो. घोटीच्या स्वयंपाकात साखर अधिक, खसखस हवीच; बांगालाच्या स्वयंपाकात मिरची अधिक, आणि सुकी मासळी प्रिय. मोहन बागान जिंकले की कोळंबी, ईस्ट बेंगॉल जिंकले की इलिश, असा तेथील विजयाचा प्रसाद ठरलेला आहे, आणि बाजारभावही त्यानुसार हलतो.

आम्ही भवानीपुरात भाड्याने राहत होतो. घरमालक पक्के घोटी. त्यांस आम्ही मेशोमोशाय म्हणत असू आणि त्यांच्या पत्नीस माशीमा. एका श्रावणातल्या संध्याकाळी बाजारात इलिश अनपेक्षितपणे स्वस्त दिसला. आमच्या सौभाग्यवती कोकणातल्या. मासा स्वस्त असताना कारण विचारण्याची त्यांच्याकडे पद्धत नाही. पिशवी घेऊन जिना चढतो तो मेशोमोशाय दारात. पिशवीतून बाहेर आलेली शेपटी पाहून ते गंभीर झाले. "आज आम्ही जिंकलो," ते म्हणाले, "आणि हरलेल्यांचा मासा माझ्या घरात?" तासाभराने माशीमांनी नारळाच्या दुधातील कोळंबीचा वाडगा वर पाठविला, घराच्या शुद्धीसाठी, असा निरोप होता. सौभाग्यवतींनी त्याच वाडग्यात कोकम घालून केलेला इलिश खाली पाठविला. मेशोमोशायांनी तो चवीने खाल्ला, आणि मराठी पद्धतीने केल्यामुळे तो इलिश धरता येणार नाही, असा निवाडा दिला.

१३ जुलै १९९७ रोजी साल्ट लेकच्या स्टेडियमवर फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात हे दोन संघ भेटले, तेव्हा बडोबाबूंच्या कृपेने आम्ही तेथे होतो. त्या दिवशी प्रेक्षकांचा आकडा १,३१,७८१ नोंदला गेला. सामन्यापूर्वी कलकत्त्यात खेळापेक्षा नावांचीच चर्चा अधिक होती. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी विरुद्ध संघाच्या खेळाडूंची नावे खुडून ठेवली होती: भाइचुंग भुतियास 'चुंग चुंग', ओमोलोस 'ऑम्लेट', आणि सोसोस 'शोशा', म्हणजे काकडी. ईस्ट बेंगॉलचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी यांनी, म्हणतात, उत्तर देण्याऐवजी ही नावे आपल्या खेळाडूंच्या कानी व्यवस्थित पोहोचतील, एवढेच पाहिले. ईस्ट बेंगॉलने चार विरुद्ध एक असा विजय मिळविला. त्यांतील तीन गोल ज्यास 'चुंग चुंग' म्हटले गेले, त्या भाइचुंगचे. परतीच्या बसमध्ये बडोबाबूंस बोलवत नव्हते, इतका त्यांचा आवाज बसला होता.

परंतु भगिनी-बंधूंनो, आम्ही येथे केवळ गमती सांगून बसलो, तर ते अप्रामाणिक होईल. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात गॅलरीत हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली, आणि सोळा माणसे मरण पावली. सामना पाहून रात्री घरी जेवावयास येणार होती, ती माणसे. त्या दिवसाच्या स्मरणार्थ कलकत्त्यात १६ ऑगस्ट हा फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जातो आणि रक्तदान होते. रक्तदानाच्या बाटलीवर घोटी की बांगाल असे लिहीत नाहीत. नाव ठेवणे हा खेळ आहे, तो खेळणाऱ्या दोघांसही तो खेळ आहे असे ठाऊक असते तोपर्यंतच. एकाच्या मनातून ही जाणीव गेली की तेच नाव दगडासारखे हातात येते.

असे इतरत्रही घडते काय? घडते. ब्वेनोस आयरेस नगरीत रिव्हर प्लेट या संघाच्या अनुयायांस प्रतिपक्ष 'कोंबड्या' म्हणतो. १९६६ साली दक्षिण अमेरिकेच्या अजिंक्यपदाच्या निर्णायक सामन्यात दोन गोलांची आघाडी घेऊनही हा संघ पेन्यारोलकडून चार विरुद्ध दोन असा हरला, आणि त्यानंतरच्या सामन्यात मैदानात एक कोंबडी सोडण्यात आली. तेव्हापासूनचे हे नाव. रिओतील फ्लामेंगो या संघाचे अनुयायी बहुतांशी गरीब आणि कृष्णवर्णीय. त्यांस हिणवून 'गिधाडे' म्हणत. १९६९ साली त्यांच्यापैकीच काहींनी एक खरेखुरे गिधाड माराकाना मैदानावर नेऊन सोडले. त्या दिवशी त्यांचा संघ जिंकला, आणि तेव्हापासून गिधाड हेच त्यांचे लाडके बोधचिन्ह झाले. बरिसालच्या मुलाने कलकत्त्यात जे केले, तेच रिओच्या गरिबांनी केले. ज्यास नाव ठेवले, त्याने ते स्वतः उचलून खांद्यावर घेतले की ठेवणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. मात्र उचलावयाचे की नाही, हे ज्यास ते ठेवले त्यानेच ठरवावयाचे. 'अहो, गमतीने म्हणतो, राग कशाला मानता?' हे वाक्य म्हणण्याचा अधिकार ठेवणाऱ्यास नाही.

आता बडोबाबूंच्या त्या अर्धवट वाक्याकडे वळतो. भवानीपुरातील घरात दुपारच्या वेळी माशीमा नातवास निजवीत असत. सौभाग्यवतींस तोवर बंगाली कळू लागली होती. एके दिवशी त्या अंगाईतील एका शब्दाकडे त्यांचे लक्ष गेले, आणि त्यांनी सहज अर्थ विचारला. माशीमा गोंधळल्या, नातवास घेऊन आत गेल्या. तो शब्द होता 'बर्गी'. बंगालात पिढ्यान् पिढ्या मुलांस निजविताना ज्यांची भीती घालतात ते बर्गी, म्हणजे आपण. आपल्याकडे सरकारी घोडा आणि सरकारी हत्यार घेऊन लढणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. त्या बारगिराचा बंगालीत बर्गी झाला. १७४२ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात राहिल्या. अखेर अलिवर्दीखानाने ओरिसा सोडला आणि वर्षास बारा लक्ष रुपये चौथाई कबूल केली, तेव्हा त्या थांबल्या. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा पराक्रमाचा परिच्छेद आहे. गंगाराम नावाच्या समकालीन बंगाली कवीच्या 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात मात्र तो जाळलेल्या गावांचा आणि पळणाऱ्या माणसांचा परिच्छेद आहे.

कलकत्त्याच्या रहिवाशांनी त्या भीतीने १७४२ साली शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सुमारे तीन मैल खणून झाल्यावर, मराठे शहरावर येत नाहीत असे पाहून, काम सोडून दिले. पुढे खंदक बुजला आणि त्याच्या मार्गावरून सर्क्युलर रोड झाला; बागबाजारात 'मराठा डिच लेन' ही गल्ली अजून आहे. त्या खंदकावरून कलकत्त्याच्या रहिवाशांस इंग्रजीत 'डिचर', म्हणजे खंदकवाले, असे टोपणनाव पडले होते. म्हणजे आमच्या पूर्वजांनी पाऊलही न टाकता साऱ्या शहरास एक नाव देऊन ठेवले होते!

२०११ साली आमची कलकत्त्यास दुसऱ्यांदा बदली झाली तेव्हा चिरंजीव दहा वर्षांचे होते. वसाहतीतील मुलांनी गल्लीत दोन संघ केले होते, अर्थात एक घोटींचा आणि एक बांगालांचा. आमचा मुलगा कोणाचाच नव्हता. कोणी तरी म्हणाले, "हा तर बर्गी!" तो रडत घरी आला. रडण्याचे आम्हांस विशेष वाटले नाही. पण डोळे पुसून त्याने जे विचारले, त्याने आम्ही अडखळलो. "बाबा, तो मुलगा म्हणतो, त्याच्या आजीच्या बर्धमानच्या गावात आपण आग लावली होती. खरेच लावली होती का?"

आम्ही बी. ए. ला इतिहास घेतला होता. परीक्षेत या स्वारीवर टीपही लिहिली होती. परंतु हा प्रश्न आम्हांस कोणी कधी विचारला नव्हता. आम्ही त्यास सांगितले, की होय, तसे घडले. ते तू केले नाहीस, मी केले नाही, पण घडले नाही असे म्हणावयाचे नाही. त्याच रविवारी आम्ही त्यास जादवपुरास, सेवानिवृत्त बडोबाबूंकडे घेऊन गेलो. त्या वृद्ध गृहस्थांनी त्यास आपल्या शाळेची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाले, "मला बांगाल म्हणत तेव्हा मी काही केले नव्हते. तूही काही केले नाहीस. नाव कोठून आले ते विसरू नकोस. पण ते पुढे कसे वागवावयाचे, ते तू ठरव."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळावयास गेला. महिनाभराने त्याच्या वहीत एक घडी केलेला कागद सापडला. गल्लीतील कप्तानाने पेन्सिलीने संघाची यादी केली होती. सातव्या ओळीत बंगाली अक्षरांत लिहिले होते: 'राइट आउट — बर्गी'. चिरंजीवांनी तो जपून ठेवला होता. आजही तो त्यांच्यापाशी आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये कलकत्त्यात एका तरुण स्त्री-डॉक्टरची रुग्णालयात अमानुष हत्या झाली, हे आपण सर्व जाणता. १८ ऑगस्ट रोजी या दोन संघांचा ड्यूरँड चषकातील सामना ठरला होता. तो बंदोबस्ताच्या कारणाने रद्द झाला. तरी दोन्ही बाजूंचे पाठीराखे स्टेडियमबाहेर जमले. त्या मुलीस न्याय मिळावा, म्हणून शंभर वर्षांचे हे प्रतिस्पर्धी एका रस्त्यावर, एका आवाजात उभे राहिले, आणि मोहमेडन स्पोर्टिंगचे लोकही त्यांस येऊन मिळाले. चिरंजीव आता तेथेच नोकरीस आहेत. ते त्या गर्दीत होते. रात्री दूरध्वनीवर ते म्हणाले, "बाबा, एकाच माणसाच्या दोन हातांत दोन झेंडे मी आज प्रथम पाहिले." सेवानियमांमुळे आम्ही त्या प्रकरणावर अधिक बोलत नाही. परंतु ज्यांस एकमेकांस नावे ठेवण्याचा शंभर वर्षांचा सराव आहे, त्यांनाच एकमेकांस हाक मारता आली, एवढे नमूद करावेसे वाटते.

आता शेवटचे, आणि ते आपल्या घरचे. आपल्यास कोणी 'घाटी' म्हटले की आपण दुखावतो. बर्गी म्हटले की इतिहास काढून बसतो. पण आपल्या मंडळाच्या सहलीत, गणेशोत्सवाच्या पंगतीत, या शहरातील लोकांस आपण काय म्हणतो? मुंबईत दुधवाल्यास, भाजीवाल्यास, दक्षिणेकडून आलेल्या सहकाऱ्यास आपल्या घरांतून कोणती नावे ठेवली गेली, ती आपण सर्वांनी ऐकली आहेत. आम्ही स्वतः उच्चारलीही आहेत. ती खेळातली होती काय? समोरच्यास उलटून आपल्यास नाव ठेवता येत होते काय? तो आपल्या जिन्यावर वाडगा पाठवीत होता काय? नसेल, तर तो खेळ नव्हता.

पन्नास वर्षांपूर्वी या मंडळाचे संस्थापक एकत्र जमले, ते परक्या शहरात आपली भाषा मोठ्याने बोलता यावी म्हणून. बरिसालच्या मुलास मैदानाची गॅलरी होती, आपणांस ही सभागृहाची गॅलरी आहे. येथे आपण मोठ्याने बोलावे, गावे, एकमेकांस नावेही ठेवावीत; देशस्थ-कोकणस्थांनी, घाटावरच्यांनी आणि खालच्यांनी ते पन्नास वर्षे निष्ठेने केलेलेच आहे. मात्र बाहेर पडताना दारातल्या पहारेकऱ्यास त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून नमस्कार करावा. आम्ही मघाशी येताना त्याचे नाव विचारले. सात वर्षे येथे असूनही आपल्यापैकी कोणी ते विचारले नव्हते, असे तो म्हणाला.